मल्हारच्या बारशाला आलेल्या समस्त मंडळींना खुलं पत्र

ताई, मोठ्या काकू, चुलत सासरे, पुण्याच्या मावशी, भावकीतले सगळे दादा-वहिनी, शेजारच्या अक्का, आणि ज्यांच्यापर्यंत घुगऱ्या पोचल्याच नाहीत ते सगळे,

नमस्कार, वि. वि.

हे खरं तर फॅमिली ग्रुपवर टाकणार होते, पण तिथं काही लांब लिहिलं की खाली सात-आठ जणांची गुड मॉर्निंगची फुलं येऊन पडतात आणि मुद्दा वर सरकून गायब होतो, शिवाय तुमच्यातले निम्मे त्या ग्रुपवर नाहीत आणि मला जे बोलायचंय ते नेमकं त्यांनाच बोलायचंय. म्हणून असं उघड्यावर लिहितेय. दिवाळीचा फराळ सगळ्यांच्या घरी पोचता केलाय, त्यामुळं निदान महिनाभर तरी कुणी बोलणं टाकणार नाही असा माझा हिशोब आहे.

लेक साडेचार महिन्यांची झाली. नाव काय ठेवलं म्हणून किती जणांनी विचारलं त्याची गिनती नाही, आणि उत्तर ऐकल्यावर सगळ्यांचा चेहरा एकच. आधी "काय?", मग "मल्हार? पोरगी झाली ना ओ तुम्हाला?", आणि मग पोरीकडं अशी नजर की आता लंगोट सोडून खात्री करतात की काय.

बारशाचा दिवस आठवा जरा. घरीच केलं होतं, वर पत्रे, जुलैचा दमट उकाडा, एकाच टेबलफॅनपुढं चौदा बायका. ताई पाळण्यावर वाकल्या, कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं आणि मागं चाललेलं पाळण्याचं गाणं मधल्या ओळीतच थांबलं. मोठ्या काकू तर म्हणाल्या, "अगं नीट सांग की, हा चेष्टेचा टाईम हाय का?" आणि गंमत बघा, त्याच्या दहाच मिनिटं आधी याच बायकांनी वरवंट्याला झबलं-टोपडं चढवून पाळण्याच्या वरनं खालनं "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करत फिरवला होता. वाटणाचा दगड, त्याला गोविंद म्हणायला एकीची पण जीभ अडली नाही. जित्या पोरीला मल्हार म्हणायला मात्र अडली.

नाव का ठेवलं ते आधी सांगते, कारण "असलं कसं ठेवलं" हे सगळ्यांनी विचारलं, "का ठेवलं" हे एकानंही नाही. यंदा जून कोरडा गेला होता. मृग गेलं, आर्द्रा गेलं, सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, गावाकडच्या रानात उडदाची पेर धरून ठेवलेली, इकडं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, बाळंतपणाच्या घरात बॅरल भरून ठेवायची आणि कापडं कधी धुवायची याचं टाईमटेबल लावलेलं. मला कळा सुरू झाल्या त्या संध्याकाळी पुनर्वसू लागून दोन दिवस झाले होते, आणि रात्री जो काय पाऊस आला की दवाखान्याच्या खिडकीतनं पाणी आत. पहाटे पोरगी झाली. आप्पा छत्री न घेता चालत आले, चिंब, नर्स त्यांना आत सोडेना, आणि दारातनंच म्हणाले, "तरण्या पावसानं आणली, मल्हार म्हणा तिला." आप्पा म्हणजे पंचवीस वर्षं सकाळी सोलापूर आकाशवाणी लावल्याशिवाय चहा न घेणारा माणूस, त्यांच्या डोक्यात आधी राग मल्हार आला, सोलापूरजवळच्या बाळे गावचा खंडोबा आपलं कुलदैवत आहे हे नंतर आईंनी जोडलं. मला आवडलं, ह्यांना आवडलं, संपलं. म्हणजे ज्यांनी ज्यांनी "सुनेनं शिकून आलेलं खूळ" असं म्हटलं त्यांच्यासाठी सांगते, खूळ एकाहत्तर वर्षांच्या धोतरवाल्या माणसाचं आहे, मी फक्त हो म्हटलं. पण बोलणी मलाच. आप्पांपुढं सगळे "छान हाय की" म्हणून बुंदी खाऊन गेले.

आता तडजोडी. पुण्याच्या मावशींनी सुचवलं, "मल्हारी करा, शेवटी ई लागली की बायकी होतं." मावशी, मल्हारी म्हणजे मल्ल राक्षसाचा वैरी, मिशा, घोडा आणि खांडा असलेला देव, येळकोट करताना आपण त्यालाच हाक मारतो, तुमच्या ई मुळं ते अजूनच पुरुषी झालं. चुलत सासरे म्हणाले होळकरांचं नाव आहे, तलवारीचं, पोरीला पेलणार नाही. काका, ते मल्हारराव १७६६ ला गेले आणि त्यानंतर १७६७ पासून १७९५ पर्यंत तो सगळा कारभार त्यांच्या सुनेनं पेलला, २०१९ पासून आपल्या सोलापूर विद्यापीठाच्या कमानीवर तिचंच नाव आहे, तुमच्या नातवाच्या मार्कलिस्टवर पण आहे, बघा काढून. एका दादांनी "मल्हारिका" सुचवलं. त्यावर मला काही बोलायचं नाही.

"लोकांना कळणार कसं मुलगा का मुलगी" हा मुद्दा मात्र मला खरंच समजत नाही, कारण आपण मराठी बोलतो. आपल्या भाषेत माणूस उठला तरी कळतं, बसली तरी कळतं. मल्हार रडली, मल्हार दूध प्यायली, मल्हारनं आप्पांच्या धोतरावर शू केली, बरं हे शेवटचं वाक्य सोडा, त्यात कळत नाही. पण बाकी बहुतेक क्रियापदं पाटी लावूनच येतात, मग नावानं आणखी एक पाटी कशाला लावायची. किरण बेदी आणि किरण मोरे यांच्यात आजवर कुणाचा घोळ झाला नाही. आपल्याच जिल्ह्यातनं वाहते ती नदी, तिचं नाव भीमा, पैलवानाचं नाव आणि आपण तिला आई म्हणतो. पंढरपुरात कंबरेवर हात ठेवून उभा आहे तो पुरुष, आणि लाखो लोक त्याला विठाई म्हणतात, ज्ञानोबाला माउली म्हणतात, आणि वारीत तर मिशीवाला ड्रायव्हर मिशीवाल्या कंडक्टरला "माउली सरका पुढं" म्हणतो. अक्का, तुमच्या तेलुगूत नरसय्या-नरसम्मा, समोरच्या लिंगायत आज्जींकडं मल्लप्पा-मल्लव्वा, आमच्या पणजीचं नाव रामबाई, नाव देवाचंच आणि नुसतं शेपूट बदललेलं. मी शेपूट लावलं नाही एवढाच माझा गुन्हा.

आणि सवयीचं म्हणाल तर शेजारचं उस्मानाबाद धाराशिव झालं, नगरचं अहिल्यानगर झालं, एसटीच्या पाट्या बदलल्या, आणि तुम्ही सगळे न चुकता बरोबर गाडीत चढता. साडेतीन अक्षरं आहेत माझ्या पोरीच्या नावाला.

बरं, त्रास झालाच नाही असं पण नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, दवाखान्यातनं कागद गेला, त्यावर स्वच्छ "स्त्री" लिहिलेलं. खिडकीमागच्या साहेबांनी मल्हार वाचलं, त्यांना वाटलं दवाखान्यानं चूक केली, आणि बिचाऱ्यांनी चांगुलपणानं ती दुरुस्त करून टाकली. दाखला हातात आला तर लिंग, पुरुष. म्हणजे नावानं पोरीला नाही, चक्क कम्प्युटरला बदललं. मग दुरुस्तीचा अर्ज, दवाखान्याचं पत्र, माझं आधार, ह्यांचं आधार, "साहेब जेवायला गेलेत", तीन चकरा, त्यातली एक पोरगीला कडेवर घेऊन, आणि शेवटी ते साहेब खरंच ओशाळले, म्हणाले "मॅडम मला पण दोन मुली आहेत, पण असं कधी आलं नव्हतं समोर." त्या माणसावर माझा राग नाही. २०२३ च्या ऑक्टोबरपासून जन्मलेल्या पोरांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळ्याला जन्मदाखलाच लागतो, म्हणून आत्ताच नीट करून घेतलं एवढंच. पण त्या निमित्तानं १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आणि त्याचे नियम मी वाचून काढले. त्यात पोरीचं नाव पोरीसारखं असावं अशी ओळ नाही. नाव नंतर घालता येतं, पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, चूक दुरुस्त करता येते. आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावामागं आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे मल्हारच्या मागं पहिली मी उभी आहे, छापील.

रात्री दूध पाजताना एका हातात मोबाईल असतो आणि झोप नसते, त्यामुळं मी जगभरचं वाचलं. जर्मनीत एका जोडप्याला लेकीचं नाव किरण ठेवायचं होतं, हो, आपलं किरण, आणि तिथल्या नोंदणीवाल्यांनी नाकारलं, का तर नावावरनं मुलगी आहे हे कळत नाही. ते भांडत भांडत तिथल्या घटना न्यायालयापर्यंत गेले आणि २००८ मध्ये कोर्टानं सांगितलं की नावानं लिंग सांगितलंच पाहिजे असं घटनेत काही नाही. आइसलँडमध्ये तर एका मुलीचं नाव झुळूक या अर्थाचं होतं, पण त्यांच्या भाषेत तो शब्द पुल्लिंगी, म्हणून सरकारी कागदांवर पंधरा वर्षं तिच्या नावाच्या जागी नुसतं "मुलगी" लिहिलेलं. २०१३ ला ती कोर्टात जिंकली, २०१९ ला तिथं कायदाच बदलला, आता मुलाचं नाव मुलीला ठेवा नाहीतर मुलीचं मुलाला, चालतं. तिची झुळूक, माझा पाऊस. त्यांना कायद्याशी भांडावं लागलं. आपल्याकडं तसा कायदा नाही, आपल्याकडं मावशी आहेत.

तर इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. ज्यांनी नाक मुरडलं त्यांच्यासाठी मी पत्र लिहायला बसले असते तर कधीच उठले असते. हे पत्र आहे ते ज्यांनी माझी पाठ थोपटली त्यांच्यासाठी.

बारशाच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी आतल्या खोलीत पोरीला घेऊन बसले होते. एक एक बाई येत होती, हातात वीस-पन्नासची नोट, पोरीच्या मुठीत कोंबत होती, आणि माझ्या कानाशी येऊन, अगदी मायेनं, "बरं केलंस गं. पोराचं नाव ठेवलं की पाठीवर पोरगाच येतो." एक नाही, पाच जणी. त्यातल्या एकीनं तर कुणाच्या घरात, कुठल्या साली, कुणाचं नाव काय ठेवलं आणि मग दीड वर्षात कसा पोरगा झाला याची पूर्ण केस सांगितली. दुसऱ्या दिवशी पुरुषमंडळींचा तोच सूर, जरा वेगळ्या भाषेत, "आता हाच तुमचा मुलगा समजायचा." ताईंचे सासरे ह्यांना म्हणाले, "डोकं लावलंत की पाहुणं."

मी त्या दिवशी काही बोलले नाही. टाके दुखत होते, आणि समोरच्या बाईच्या डोळ्यात खरंच माया होती, तिला काय बोलणार. पण रात्री मला झोप आली नाही. कारण मला कळलं की नाकं मुरडणाऱ्यांना निदान पोरगी दिसली होती, तिला शोभेल का नाही एवढीच त्यांची काळजी. तुम्हाला पोरगी दिसलीच नाही. तुम्ही तिच्याकडं बघत होता आणि तुम्हाला तिच्या मागं, अजून नसलेला, एक भाऊ दिसत होता. तिचं नाव म्हणजे त्याच्या नावानं टाकलेला रुमाल, एसटीत खिडकीतनं सीटवर टाकतात तसा.

आणि हे आपल्याकडं काही नवं नाही हेच वाईट आहे. साताऱ्यात २०११ ला जिल्हा परिषदेनं कार्यक्रम घेऊन २८५ मुलींची नावं बदलली, आठवत असेल, त्या सगळ्या नकोशी, नकुसा. आता बस म्हणून देवाला पाठवलेला निरोप, आणि तो निरोप त्या पोरी शाळेच्या हजेरीत रोज ऐकायच्या, "हजर" म्हणायच्या. त्याच वर्षीच्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागं ८९४ मुली होत्या, म्हणजे काहींना तर वाईट नाव मिळण्याएवढी पण जागा मिळाली नाही. पोरांची पण गंमत अशीच, मूल जगत नसलं की दगडू, धोंडू, केरू, म्हणजे यमाला वाटावं हा कचरा आहे, नाक टोचून नथू, म्हणजे वाटावं मुलगी आहे, मुलगी कोण नेतंय. नावं म्हणजे आपल्याकडं कायम दुसऱ्याच कुणासाठी लिहिलेली चिठ्ठी. देवासाठी, यमासाठी, पुढच्या बाळासाठी. ज्याच्या कपाळावर चिकटवली त्याला कुणी विचारत नाही.

माझ्या पोरीचं नाव चिठ्ठी नाही. त्यात निरोप नाही, नवस नाही. तिच्या आज्यानं पावसात भिजत येऊन तिला दिलंय, बाकी कुणाचा त्याच्यावर हक्क नाही, तिच्या पाठीवर येणाऱ्या कुणाचा पण नाही, येणार आहे का नाही ते आमचं आम्ही बघू. आणि "मुलासारखी वाढवा" हे पण नको. मुलीसारखा वाढवला म्हणून कुणाच्या पोराचं कौतुक झालेलं मी तरी अजून ऐकलं नाही.

आता एवढं लिहिल्यावर एक गोष्ट लपवली तर बरोबर होणार नाही. ताईंची धाकटी, दहा वर्षांची, दिवाळीत आली होती. पोरीला मांडीवर घेऊन खेळवता खेळवता मला म्हणाली, "मामी, पाऊस आला म्हणून मल्हार ठेवलं ना? मग मुलगा झाला असता तर वर्षा ठेवलं असतं का?" मी चकल्या तळत होते. तोंडापर्यंत आलं होतं की हो, ठेवलं असतं. आलं नाही बाहेर. कारण नसतंच ठेवलं. मुलगा झाला असता तरी मल्हारच ठेवलं असतं, आणि आप्पांनी दारातनं वर्षा अशी हाक मारली असती तर मीच म्हटलं असतं, आप्पा चेष्टा नका करू, शाळेत पोरं चिडवतील त्याला. म्हणजे पोराचं नाव पोरीला दिलं की बढती आणि पोरीचं पोराला दिलं की शिक्षा, हे माझ्या पण डोक्यात बसलेलं आहे, तुमच्याएवढंच. ह्यांना रात्री विचारलं तर हे बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "त्या पोरीला वकील करायला पाहिजे." उत्तर त्यांनी पण दिलं नाही. त्यामुळं मी लई पुढारलेली आणि तुम्ही मागासलेले असा माझा दावा नाही. मला जेवढं कळलंय तेवढं पण मी नीट करते का माहीत नाही.

तरी मागणी आहेच. तिला मल्हार म्हणा, आणि क्रियापद लावताना अडखळू नका, "मल्हार आला... आली" असं मध्येच गिअर बदललं की ती हसते, पण मोठी झाल्यावर हसेलच असं नाही. आप्पा तिला "मल्हारराव, आंघोळ झाली का?" म्हणतात, ते चालतं, त्यांचं त्यांना माफ आहे, तुम्ही नका म्हणू. ताई, तुम्ही बारशाच्या वेळी कानात मल्हारच्या आधी हळूच दुसरं एक नाव सांगितलं होतं, मला ऐकू आलं होतं, पाळण्यापासून मी एका हातावर होते. ते नाव पण चांगलं आहे. तुमच्या मनात तेच ठेवा, लाडानं हाक मारा, मी काही बोलणार नाही, आत्याचा तेवढा मान आहे. आणि पाठीवर, पाठीवर, पाठीवर, हा शब्द माझ्या घरात पोरीच्या देखत काढायचा नाही. तिला अजून कळत नाही म्हणता, पण मान वळवून बघते ती बोलणाऱ्याकडं.

जावळ मार्गशीर्षातल्या रविवारी आहे, बाळ्याला, खंडोबाच्या देवळात. पाचवा महिना धरलाय, मामाची मांडी ठरलीय, न्हाव्याला सांगून झालंय. पत्रिका छापायला दिली तर प्रेसवाल्यानं फोन केला, "ताई, मल्हारच्या आधी चि. लावायचं का कु.?" मी विचारलं, काय फरक आहे? तो म्हणाला, "मुलगा असला की चि., मुलगी असली की कु." मी म्हटलं मग लग्नाच्या पत्रिकेत मुलीला चि. सौ. कां. कसं काय छापता, तेव्हा कुठनं येतं चि.? तो जरा थांबला आणि म्हणाला, "ते तसंच असतंय ओ." मी म्हटलं चिरंजीव म्हणजे खूप दिवस जगणारा एवढंच ना, छापा की मग. त्याला पटलं नाही, पण गिऱ्हाईक मोडायचं पण नव्हतं, म्हणून त्यानं दोन्ही छापलंय, चि. कु. मल्हार. शंभर पत्रिका आल्यात, हळद-कुंकू लावून ह्या आठवड्यात घरोघरी पोचतील.

वांग्याचं भरीत आणि रोडगा आहे. उन्हं व्हायच्या आत या, गर्दी असते, गाड्या लांब लावाव्या लागतात. बारशाला घुगऱ्या ज्यांच्यापर्यंत पोचल्या नाहीत त्यांची नावं मी लिहून ठेवलीत, पहिली पंगत त्यांची.

तुमची,
मल्हारची आई